शिक्षकांच्या अनुभवाची देवघेव

(केंद्राच्या शिक्षण परिषदेपुढे झालेल्या भाषणाचा पाठ)



बेरीज शिकवताना 'हातचा' हा शब्द प्रत्येक शिक्षक उच्चारतो. एककाच्या घरात दहा पुरे झाले की त्यांचा एक दशक होतो आणि तो शेजारच्या घरी द्यावयाचा असतो. मूल तो हातात धरून ठेवते, पण शेजारच्या घरी द्यावयास विसरते. मग मांडणी नीटनेटकी असूनही उत्तर चुकते. व्यवहारात याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे. वस्तादाने शागिर्दाला सारे डाव शिकवावेत, परंतु एक डाव आपल्यापाशी ठेवावा, याला 'हातचे राखून शिकवणे' असे म्हणतात. जुन्या धंद्यांत त्याला कारण होते. आजचा शागिर्द उद्याचा प्रतिस्पर्धी होण्याची धास्ती होती. शिक्षकाच्या धंद्यात असे कारण मुळीच नाही. एका गावच्या शिक्षकाने आपली युक्ती दुसऱ्या गावच्या शिक्षकास सांगितली, म्हणून त्याचे वेतन घटत नाही की मान उतरत नाही. तरीही शिक्षकांजवळचे पुष्कळसे ज्ञान ज्याचे त्याच्याजवळच राहते. ते कोणी मुद्दाम राखतो असे नव्हे; ते देण्याची वेळ, जागा आणि रीत ठरलेली नसते, म्हणून ते राहून जाते.

त्याचा तोटा कोणाला होतो हे पाहण्यासारखे आहे. शिक्षकाची बदली झाली की तो कार्यभार देतो. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, जडवस्तू संग्रह नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या या साऱ्यांची यादी होते. मोडक्या खुर्चीचीही नोंद सुटत नाही. परंतु दुसरीतील कोणते मूल फळ्यावरचे दिसत नसल्यामुळे गप्प बसते, कोणत्या वस्तीवरील मुले कापूसवेचणीच्या दिवसांत शाळेत येत नाहीत आणि कोणाच्या शब्दाने येतात, जोडाक्षरे शिकवताना या गावच्या मुलांची जीभ कोठे अडते, हे त्या यादीत नसते. मेळघाटातील एखाद्या शाळेत शिक्षकाने पाच वर्षांत कोरकू शब्दांची आपल्यापुरती वही तयार केलेली असते. पहिलीच्या वर्गात मराठी शब्द उच्चारण्यापूर्वी त्या वहीतला शब्द उच्चारला की मुलाचा चेहरा उजळतो, हे त्याला ठाऊक झालेले असते. त्याची बदली होते आणि वही त्याच्या पिशवीतून सपाटीवरच्या गावी जाते. तेथे ती निरुपयोगी ठरते. आणि जेथे तिची गरज होती तेथे नवा शिक्षक पुन्हा पहिल्या शब्दापासून आरंभ करतो. ती पाच वर्षे शिक्षकाच्या हिशेबी पुन्हा सुरू होऊ शकतात. पहिलीतल्या मुलाला मात्र पहिलीचे एकच वर्ष असते.

ही अडचण केवळ शाळांची नाही. जेथे जेथे एकाच कामाची पुष्कळ माणसे दूरदूर एकेकटी काम करतात, तेथे ती आहे. तिचा विचार एका अगदी निराळ्या धंद्यात फार बारकाईने झाला आहे आणि तो शिक्षकांना उपयोगी पडेल असा आहे. हा धंदा म्हणजे छायाप्रती काढणारी यंत्रे दुरुस्त करण्याचा. तालुक्याच्या गावी दाखल्याची प्रत काढावयाची झाली की खेड्यातला मनुष्यही 'झेरॉक्स काढून आणतो' असे म्हणतो. झेरॉक्स हे मुळात अमेरिकेतील एका कंपनीचे नाव. या कंपनीची यंत्रे जगभर कचेऱ्यांतून बसवलेली होती आणि ती बिघडली म्हणजे दुरुस्त करण्यास हजारो कारागीर नेमलेले होते. प्रत्येकाकडे ठरावीक गिऱ्हाइके. तो एकटाच जाणार, एकटाच यंत्र उघडणार. सोबतीला कंपनीने दिलेला मार्गदर्शक ग्रंथ. यंत्र अमुक खूण दाखवील तर तमुक तपासा, तसे नसेल तर पुढचे पान उलटा, अशी त्या ग्रंथाची रचना. कारागीराने ग्रंथाबाहेर विचार करण्याचे कारण नाही, अशी ग्रंथकर्त्यांची समजूत.

या कंपनीचे कॅलिफोर्नियात पालो आल्टो या गावी एक संशोधन केंद्र होते. तेथील ज्युलियन ऑर नावाच्या अभ्यासकाने १९८० नंतरच्या दशकात या कारागिरांबरोबर हिंडून त्यांचे काम पाहिले. तो मानववंशशास्त्राचा अभ्यासक. म्हणजे दूरच्या जमातीत राहून तिचे रीतिरिवाज टिपावेत, तसे त्याने कारागिरांचे रीतिरिवाज टिपले. त्याचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यास असे आढळले की, ग्रंथ उपयोगी असला तरी पुरा पडत नाही. एकाच घडणीची दोन यंत्रे दोन कचेऱ्यांत दोन प्रकारे बिघडतात. कोठे हवा दमट, कोठे कागद हलका, कोठे वापरणारा मनुष्य झाकण आपटणारा. यंत्र दाखवते ती खूण कधीकधी खऱ्या दोषाची नसतेच. अशा वेळी कारागीर काय करतो? तो दुसऱ्या कारागीरास गाठतो आणि दोघे एकमेकांना गोष्टी सांगू लागतात. 'मागे एका कचेरीत असेच झाले होते; सारे भाग बदलले, तरी दोष जाईना; शेवटी अमुक निघाले.' त्यावर दुसरा म्हणतो, 'पण तेथे आवाज येत होता काय?' अशा गोष्टी सांगतासांगता दोष कोठे असावा याचा माग लागतो. ऑर याने वर्णिलेल्या एका प्रसंगी दोन अनुभवी माणसे एका हट्टी यंत्रापुढे कित्येक तास अशा गोष्टी आठवत बसली होती आणि त्यांतूनच त्यांना उलगडा झाला.

कारागीर सकाळी न्याहारीस किंवा दुपारी जेवणास एकत्र जमत, तेव्हाही याच गोष्टी चालत. वरवर पाहणाऱ्यास तो वेळेचा अपव्यय वाटावा. चहाच्या टेबलाभोवती बसलेले कारागीर पाहून हिशेबनीस म्हणेल की, हा वेळ वाचवला तर रोज आणखी एक यंत्र दुरुस्त होईल. परंतु अभ्यासात दिसले ते उलट होते. त्या टेबलावरचे बोलणे हाच त्यांच्या शिक्षणाचा खरा वर्ग होता. नवा मनुष्य तेथे कान देऊन बसे आणि ज्या यंत्राला त्याने अजून हातही लावला नाही त्याचे दोष ओळखू लागे.

शिक्षकाच्या कामाशी याचे साम्य उघड आहे. शिक्षकाजवळही पाठ्यपुस्तक आहे, हस्तपुस्तिका आहे, प्रशिक्षणात मिळालेले साहित्य आहे. ते सारे आवश्यकच आहे. परंतु पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पाठ घेऊनही मूल अडले, तर पुढचे पान उलटून भागत नाही. यंत्राच्या मानाने मूल कितीतरी अधिक गुंतागुंतीचे. शिवाय यंत्र निदान काहीतरी खूण दाखवते. मूल पुष्कळदा काहीच दाखवीत नाही, मान मात्र डोलावते.

हे ओळखल्यावर प्रश्न असा की, टेबलावरची गोष्ट टेबलापुरतीच राहते, ती हजार कोसांवरील सहव्यवसायीपर्यंत कशी पोहोचावी? संशोधन केंद्रातील मंडळींनी आरंभी जो मार्ग धरला तो मोठ्या पंडितांचा होता. यंत्राचे सारे शास्त्र गणकयंत्रात भरावे आणि त्यानेच दोष सांगावा, अशी व्यवस्था त्यांनी रचली. ती कारागिरांना दाखवली. कारागिरांनी तिचे कौतुक केले. पण ती फारशी उपयोगाची नाही, असेही सांगितले. जे दोष शास्त्रातून निघतात ते आम्हांस ओळखता येतात. आमची अडचण आहे ती शास्त्रात नसलेल्या दोषांची, असे त्यांचे म्हणणे. मग लक्षात आले की पुष्कळ कारागिरांच्या खिशात लहान वह्या आहेत आणि त्यांत ज्याने त्याने आपापल्या युक्त्या टिपलेल्या आहेत. मेळघाटातील शिक्षकाच्या वहीसारख्याच त्या वह्या. तेव्हा नवे ज्ञान वरून खाली पाठवण्याऐवजी या वह्याच एकमेकींना जोडाव्यात, असे ठरले.

१९९० नंतरच्या दशकात हा प्रयोग प्रथम फ्रान्समध्ये झाला. त्या देशात घरोघरी दूरध्वनीच्या तारेला जोडलेले मिनिटेल नावाचे एक लहानसे पडद्याचे यंत्र असे. त्यावरून माहिती पाहता येई. (ती सेवा २०१२ मध्ये बंद झाली.) कारागिरांच्या युक्त्या त्यावर ठेवल्या गेल्या. पुढे हीच व्यवस्था कॅनडा, अमेरिका व इतर देशांत गेली. तिला नाव दिले 'युरेका', म्हणजे ग्रीक भाषेत 'सापडले!'

या व्यवस्थेचे नियम साधे होते. पण त्यांतच तिचे मर्म आहे. कारागीराने आपली युक्ती थोडक्यात लिहावयाची: दोष कसा दिसतो, त्याचे कारण काय, उपाय काय. ती लगेच सर्वांना दाखवली जात नसे. त्याच यंत्राचे काम जाणणारा एखादा अनुभवी सहकारी ती तपासून पाही. संशय आल्यास लिहिणाऱ्याशी बोले, दुरुस्ती सुचवी. ती खरी ठरली म्हणजे मगच सर्वांना खुली होई, आणि तिच्याखाली लिहिणाऱ्याचे नाव राही. ज्यांनी ती वापरली ते आपला अनुभव कळवीत.

बक्षिसाचा प्रश्न आला, तेव्हा प्रत्येक युक्तीमागे काही रक्कम द्यावी अशी सूचना निघाली. कारागिरांना ती रुचली नाही. पैसे लावले तर लोक पैशासाठी लिहितील, संख्या वाढेल, कस उतरेल आणि तपासणाराही भिडेस पडेल, असा त्यांचा विचार होता. त्यांना हवे होते ते एवढेच की, युक्तीखाली आपले नाव असावे. दूरच्या गावचा अनोळखी भाईबंद ती युक्ती वापरून मोकळा झाला आणि त्याने नाव वाचले, यात त्यांचे समाधान होते.

या व्यवस्थेचा गुण दाखवणारी एक हकीकत त्या मंडळींत सांगितली जाते. ती बहुधा त्याच दशकाच्या अखेरीची. ब्राझील देशात एका गिऱ्हाइकाचे सुमारे ४०,००० डॉलर किमतीचे यंत्र वारंवार बंद पडत होते. सारे उपाय थकले आणि ते बदलून देण्याची वेळ आली. तोच कॅनडातील मॉन्ट्रियल येथील एका कारागीराची टीप हाती लागली. वितळतार जिच्यात बसवतात ती लहानशी खोबणी सदोष असते, ती बदलावी, असे तीत होते. त्या वस्तूची किंमत सुमारे अर्धा डॉलर. यंत्र सुरू झाले. मॉन्ट्रियलच्या मनुष्याने ब्राझील पाहिला असेल की नाही, कोण जाणे. त्याने आपल्या खिशातील वहीचे एक पान इतरांसाठी उघडले, इतकेच.

येथे कोणी शंका घेईल की यंत्राचा भाग बदलता येतो, मूल तसे नाही. म्हणून कारागिरांचा दाखला शिक्षकांना लागू पडणार नाही. शंका योग्य आहे. तिचे उत्तर शिक्षकांच्याच उदाहरणाने देणे बरे. जपानमधील प्राथमिक शाळांत फार वर्षांपासून एक पद्धत रूढ आहे. तिला 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. जुग्यो म्हणजे पाठ आणि केन्क्यू म्हणजे अभ्यास. काही शिक्षक मिळून एकच पाठ निवडतात, त्याची आखणी एकत्र करतात. त्यांपैकी एक तो वर्गात घेतो आणि बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे पाहतात. नंतर सारे बसून चर्चा करतात, पाठात फेरबदल करतात आणि दुसरा कोणी तो दुसऱ्या वर्गात घेतो. जे हाती लागले ते लिहून इतर शाळांना देतात. १९९९ साली दोन अमेरिकन संशोधकांच्या एका पुस्तकामुळे ही पद्धत जपानबाहेर पुष्कळ ठिकाणी माहीत झाली.

या बैठकांत चर्चा किती बारीक होते याचा मासला पाहण्यासारखा आहे. पहिल्या इयत्तेत दशक सुटा करून वजाबाकी शिकवावयाची आहे. पहिले उदाहरण कोणते द्यावे? १३ वजा ९ द्यावे की १२ वजा ७? वरवर पाहता काय फरक? पण १३ मधून ९ काढताना मूल सहजच दहातून ९ काढते, उरलेला १ तीनमध्ये मिळवते आणि ४ म्हणते. म्हणजे एकच वाट ठळक होते. १२ मधून ७ काढताना कोणी आधी २ काढून दहावर येते व मग आणखी ५ काढते. कोणी दहातून ७ काढून ३ आणि २ मिळवते. कोणी बोटांवर मागे मोजते. अनेक वाटा निघतात आणि त्यांची तुलना करता येते. एका आकड्याच्या निवडीवर अनुभवी शिक्षक असा विचार करतात. तेथे कोणी कोणाच्या आवाजाची, पोशाखाची, फळ्यावरील अक्षराची चिकित्सा करीत बसत नाही. पाठ साऱ्यांचा असतो. म्हणून तो फसला तर साऱ्यांचा फसतो आणि जो वर्गापुढे उभा होता त्यास खाली पाहावे लागत नाही.

या दोन्ही उदाहरणांतून चार गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, देवघेव खऱ्या अडचणीपासून सुरू व्हावी. 'अध्यापनात साधनांचे महत्त्व' अशा विषयावर व्याख्यान देता येते. पण त्यातून उद्याच्या तासाला लागणारे काही हाती येईलच असे नाही. दुसरी ही की, सांगितलेली युक्ती समव्यवसायीने पडताळून पाहावी. तिसरी, सांगणाऱ्याचे नाव तिच्याबरोबर राहावे. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, अडचण सांगण्याचे भय नसावे.

महाराष्ट्रातील शिक्षकांना यासाठी नवी संस्था उभारावयास नको. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने जवळपासच्या शाळा एकमेकींशी जोडाव्यात, म्हणजे त्यांचे एकाकीपण जाईल, अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळा-संकुलांची कल्पना पुन्हा मांडली आहे. राज्यात सुमारे दहा शाळांचे एक केंद्र असते, केंद्रप्रमुख असतो आणि केंद्राची शिक्षण परिषद भरते. व्यवस्था आहे, तीत जीव ओतणे एवढेच उरते. ज्या परिषदेत सकाळपासून परिपत्रके वाचली जातात, मागविलेली माहिती गोळा होते, चहा होतो आणि आभार मानले जातात, ती परिषद कागदोपत्री पूर्ण असते. परंतु दोनशिक्षकी शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंतचे वर्ग सांभाळणारा नवा शिक्षणसेवक ज्या प्रश्नाने रात्री अस्वस्थ असतो, तो प्रश्न मनात घेऊनच घरी परततो.

म्हणून परिषदेतील पहिला तास अडचणींसाठी राखून ठेवावा. दोन किंवा तीनच अडचणी घ्याव्यात, पण त्या पूर्ण सोडवाव्यात. काम कसे चालावे ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दुसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या एका शिक्षिकेने सांगितले की, 'पंचवीस' म्हटले की चार-पाच मुले ५२ लिहितात. ही चूक आळसाची नाही. मराठी संख्यानामात पाच आधी ऐकू येतो आणि वीस मागून. मूल ऐकल्याप्रमाणे लिहिते. समजा, शेजारच्या शाळेतील बाईंनी आपला उपाय सांगितला: काड्यांच्या दहादहाच्या जुड्या करून पंचवीस मांडावयास सांगावे, आधी जुड्या मोजून 'वीस', मग सुट्या मोजून 'पाच' आणि शेवटी 'वीस आणि पाच, पंचवीस' असे मुलांकडून म्हणवून घ्यावे, लिहिताना आधी जुड्यांचा अंक लिहावयाचा. या उपायाने बहुतेक मुले सुधारतात. परंतु तिसऱ्या शाळेतील गुरुजींनी तो महिनाभर करून पाहिला आणि पुढच्या परिषदेत सांगितले की, 'एकोणतीस' आले की मुले पुन्हा अडतात. 'तीस' ऐकू येते, म्हणून तीन जुड्या मांडतात, आणि काहीजण ३९ लिहितात. मग त्यावर चर्चा होऊन असे ठरले की, एकोण म्हणजे 'एक उणे' हे आधी कृतीने दाखवावे: तीन जुड्या मांडून त्यांतली एक काडी काढून घ्यावी, तिसरी जुडी सुटते, दोन जुड्या आणि नऊ सुट्या राहतात. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा क्रम लागतो, पण नव्व्याण्णव मात्र त्यातून वेगळे पडते, हेही कोणी तरी लक्षात आणून दिले.

आता ही एक युक्ती राहिली नाही. तीन शाळांनी मिळून घडवलेली ती एक परिपक्व रीत झाली. ती नोंदवून ठेवावी. नोंदीसाठी लांबलचक नमुना नको. एक पान पुरे. त्यावर पाच गोष्टी असाव्यात: अडचण काय; ती का येते; उपाय काय; कोणी सुचवला आणि कोणी करून पाहिला; आणि तो कोठे लागू पडला नाही. यांतील शेवटची नोंद सहसा गाळली जाते, आणि तीच मोलाची असते. ज्या उपायाच्या मर्यादा लिहिलेल्या नाहीत, त्यावर विश्वास ठेवणारा शिक्षक पहिल्याच अपयशाने निराश होतो आणि दोष मुलास देतो किंवा स्वतःस देतो. अशी पाने एका वहीत लावून ती केंद्रशाळेत ठेवावी. बदलीने जाणाऱ्या शिक्षकाने कार्यभार देताना आपल्या गावाविषयीचे एक पान त्या वहीत अवश्य लावावे. आणि येणाऱ्याने किल्ल्यांच्या आधी ते वाचावे.

आज पुष्कळ केंद्रांतील शिक्षकांचे भ्रमणध्वनीवर गट आहेत. दूर डोंगरात असलेल्या शिक्षकास त्यांचा उपयोग होतो यात शंका नाही. प्रश्न विचारण्यास महिनाभर थांबावे लागत नाही. परंतु त्या गटांत काय घडते तेही पाहावे. सकाळच्या शुभेच्छा, वाढदिवसांची अभिनंदने, कचेरीतून आलेली तातडीची पत्रके आणि भरून पाठवावयाचे तक्ते यांच्या गर्दीत एखाद्या शिक्षिकेचा खरा प्रश्न तासाभरात वर सरकून दिसेनासा होतो. उत्तर मिळालेच तरी पुढच्या महिन्यात त्याच अडचणीत सापडलेल्या दुसऱ्याला ते सापडत नाही. म्हणून पत्रकांचा गट आणि अध्यापनाचा गट वेगळे असावेत. दुसऱ्या गटात प्रश्न आणि उत्तर यांखेरीज काही नसावे. आणि तेथे जे पटले व पडताळले गेले, ते वहीच्या पानावर उतरून घेण्याचे काम एका शिक्षकाने पाळीपाळीने करावे. गट हा चहाच्या टेबलासारखा, वही ही साठ्यासारखी. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

येथवर शिक्षकांचे कर्तव्य झाले. अधिकाऱ्यांचेही काही कर्तव्य आहे, आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अडचण बोलून दाखवणे म्हणजे कमीपणा कबूल करणे, असे ज्या तालुक्यात शिक्षकांना वाटते, तेथे वरील कोणताही उपाय चालणार नाही. परिषदेत ज्या शिक्षकाने 'माझ्या वर्गातील सहा मुले वाचू शकत नाहीत' असे प्रांजळपणे सांगितले, त्याच्या शाळेची पुढच्या आठवड्यात तपासणी होऊन शेरेपुस्तकात तेच वाक्य उतरले, तर त्या परिषदेत पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. उलट साऱ्या शाळांचे सारे वर्ग शंभर टक्के प्रगत आहेत, असे अहवाल येऊ लागतील. आणि त्या अहवालांखाली ती सहा मुले दडून जातील. परिषदेत सांगितलेली अडचण परिषदेच्या बाहेर शेरा म्हणून जाऊ नये, हा नियम अधिकाऱ्याने स्वतः पाळावा आणि पाळत असल्याचे शिक्षकांना दिसावे.

दुसरा मोह मोजण्याचा. प्रत्येक शाळेने दरमहा दोन नावीन्यपूर्ण उपक्रम छायाचित्रांसह पाठवावेत, असा आदेश निघाला की उपक्रम येतात, छायाचित्रेही येतात; परंतु पुष्कळदा छायाचित्रासाठीच उपक्रम होतो. कारागिरांनी पैशाला नकार दिला तो याच कारणासाठी. देवघेव ही मोजणीने वाढत नाही. घेणाऱ्याला ती उपयोगी पडली म्हणजे वाढते. ज्या महिन्यात एकच पान वहीत लागले, पण ते चार शाळांनी वापरले, तो महिना चांगला गेला असे समजावे.

तिसरे, नावाविषयीचे. एखाद्या शाळेतील चांगली रीत जिल्हाभर नेताना ती वरच्या कचेरीच्या नावाने जाते आणि जिने ती घडवली त्या शिक्षिकेचे नाव मागे पडते, असे होऊ देऊ नये. पत्रकात तिचे व तिच्या शाळेचे नाव छापावे. याला खर्च येत नाही. आणि ती रीत सर्व शाळांवर सक्तीची करण्याची घाई करू नये. दोन शाळांनी करून पाहिलेली गोष्ट तिसऱ्या शाळेने आपणहून घ्यावी, यातच तिची खरी परीक्षा आहे.

एक सावधगिरीची सूचना शेवटी आवश्यक आहे. देवघेव म्हणजे उसनवारी नव्हे. शहरातील शाळेत साधलेली गोष्ट तांड्यावर जशीच्या तशी साधेल असे नाही. मुलांची भाषा, त्यांच्या घरचे काम, वर्गातील संख्या यांप्रमाणे ती बदलावी लागते, आणि हा बदल त्या गावचा शिक्षकच करू जाणे. म्हणून दुसऱ्याची युक्ती आदराने घ्यावी, डोळसपणे वापरावी आणि आपला अनुभव तिच्या मालकाला अवश्य कळवावा. 'तुमचा उपाय आमच्याकडे चालला नाही' असे सांगण्यात अनादर नाही. त्या सांगण्यानेच उपाय पुरा होतो.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात, अशी सूचना केंद्रप्रमुखांमार्फत सर्व शाळांना देण्यात येत आहे. एक, स्वतःच्या वर्गातील न सुटलेली अडचण. दुसरी, सुटलेली अडचण आणि ती कशी सुटली. कागद लहान असला तरी चालेल. पहिल्या गोष्टीखाली नाव घालण्याची सक्ती नाही. दुसरीखाली मात्र नाव अवश्य घालावे. वही केंद्रशाळेच्या कपाटात ठेवलेली आहे, आणि तिचे पहिले पान अजून कोरे आहे.